निपाणीच्या वखारी आणि बायकांची पाळी

कर्नाटकातल्या निपाणीच्या विडी-तंबाखूचा व्यापार वखारींवर उभा राहिला आणि वखारी बायकांच्या मजुरीवर. शेतातून आलेली वाळली पाने कुटणे, चाळणे, काड्या वेचणे, चुऱ्याची प्रत लावणे ही कामे बहुतेक बायकांकडेच होती. तंबाखूच्या धुळीने भरलेल्या कोंदट जागेत त्या दिवसभर जमिनीवर बसून राबत. निकोटीन श्वासातून आणि कातडीतून अंगात जाते. डोकेदुखी, मळमळ, चक्कर हे त्याचे नेहमीचे त्रास. पाळीच्या दिवसांत त्यात कंबरदुखीची भर. खाडा झाला की मजुरी बुडे, म्हणून एरवी शिवाशिव पाळणाऱ्या घरांतल्या बायकांनाही ते चार दिवस घरी बसणे परवडत नसे.

कायदे नव्हते असे नाही. १९४८ च्या कारखाने कायद्याने बायकांसाठी वेगळे संडास आणि मुताऱ्या सक्तीच्या केल्या. १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्याने पाणी, स्वच्छतागृह, पाळणाघर यांची जबाबदारी मालकावर टाकली. पाळीचा शब्द यांपैकी कशातच नव्हता. पण कपडा बदलायला आडोसा मिळणार तो संडासातच, त्यामुळे हे रूक्ष कलमच बाईच्या सर्वाधिक उपयोगाचे होते. नेमके तेच धाब्यावर बसवले जाई.

सत्तरच्या दशकाच्या अखेरीस सुभाष जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या बायकांची संघटना बांधायला घेतली. मजुरी, बोनस आणि कामाचे तास हे तिचे उघड लढे. मुकादम-मालकांची लगट आणि अरेरावी यांविरुद्धचा रागही तितकाच मोठा होता. पाळीविषयी मागणीपत्रात लिहिण्याचा तो काळ नव्हता. एप्रिल १९८१ मध्ये निपाणीतच शरद जोशींच्या नेतृत्वाखालील तंबाखू शेतकऱ्यांच्या आंदोलनावर गोळीबार होऊन १२ शेतकरी मारले गेले, आणि देशाला निपाणी ठाऊक झाली ती त्यामुळे. वखारीतल्या बायकांचा लढा मात्र दीपा धनराज आदींच्या ‘युगांतर’ गटाने १९८२ मध्ये ‘तंबाखू चाकिला ऊब आली’ या माहितीपटात टिपला. पुढे १९८९ मध्ये छाया दातार यांचे या लढ्यावर इंग्रजी पुस्तक आले.

कर्नाटकातल्या अशा कामगार बायकांच्या पाळीला सरकारी धोरणात नावाने जागा मिळायला २०२५ उजाडावे लागले. त्या ऑक्टोबरात कर्नाटक मंत्रिमंडळाने महिन्याला एक दिवस पगारी रजेचे धोरण मंजूर केले. पुढच्या महिन्यात निघालेल्या आदेशात १८ ते ५२ वर्षांच्या कामगार स्त्रियांना, वैद्यकीय दाखल्याशिवाय, ही सवलत देण्यात आली. कारखाने, दुकाने, मळे आणि मोटार वाहतूक यांच्या कायद्यांबरोबर १९६६ चा विडी कायदाही त्यात होता. त्या कायद्याच्या व्याख्येत घरी विड्या वळणारी बाईही कामगारच ठरत होती. तिची मजुरी मात्र दिवसावर नव्हे, हजार विड्यांवर ठरते. तेव्हा तिच्या रजेचा दिवस कोणत्या मापाने मोजायचा, हा प्रश्न उरतोच.