राजाबाई मनोऱ्यावरील मंडळी

लंडनच्या सेंट पँक्रस स्थानकासमोरून जाताना मुंबईकरास आपल्या विद्यापीठाची आठवण झाली, तर ती अकारण नव्हे. स्थानकाला लागून असलेले भव्य हॉटेल व मुंबईच्या फोर्ट विभागातील विद्यापीठाच्या जुन्या वास्तू यांचे आराखडे एकाच वास्तुविशारदाचे, सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांचे. गंमत अशी की, या गृहस्थांनी मुंबई कधी पाहिलीच नाही. त्यांचे नकाशे तेवढे समुद्र ओलांडून गेले.

किल्ल्याचा तट पाडला गेल्यावर ओव्हल मैदानाच्या कडेस या इमारतींची रांग उभी राहिली. अमेरिकेतील यादवीमुळे त्या सुमारास कापसाला सोन्याचा भाव आला होता. त्या तेजीचे नायक प्रेमचंद रायचंद यांनी ग्रंथालयासाठी २ लाख व घड्याळाच्या मनोऱ्यासाठी आणखी २ लाख रुपये दिले आणि मनोऱ्यास आपल्या मातोश्री राजाबाई यांचे नाव दिले. १८६५ साली बाजार कोसळला, शेठजींचे वैभव गेले. मनोरा मात्र १८७८ साली पुरा झाला. उंची २८० फूट! शेजारचे पदवीदान सभागृह १८७४ चे. त्याच्या मोठ्या वर्तुळाकार खिडकीतील रंगीत काचांत बाराही राशी आहेत. गॉथिक घाटाच्या सभागृहात मेष-वृषभ पाहून नवख्यास कौतुक वाटते.

परंतु खरे पाहण्यासारखे आहे ते मनोऱ्याच्या अंगावर. पश्चिम हिंदुस्थानातील निरनिराळ्या जातिजमातींच्या चोवीस मूर्ती तेथे आपापल्या वेषात उभ्या आहेत. त्यांचे नमुने घडविले बांधकामावरील साहाय्यक अभियंते रावबहादुर मुकुंद रामचंद्र यांनी. युरोपातील अशा मनोऱ्यांवर संत आणि राजे असतात. येथे त्यांच्या जागी आपल्या पेठांतून हिंडणारी माणसे आली! हे लंडनहून पाठविलेल्या नकाशाने साधणारे काम नव्हते. कोणता फेटा कसा बांधतात हे त्या लोकांत वावरलेल्यासच ठाऊक. तरी स्कॉट यांचे नाव बहुतेकांच्या तोंडी असते, रावबहादुरांचे मात्र शोधावे लागते.

शेजारच्या उच्च न्यायालयाच्या एका खांबावर तर एका डोळ्यावर पट्टी बांधलेले माकड हाती तराजू घेऊन बसले आहे. ते कोरणाऱ्याचे नाव कोणी लिहून ठेवलेले दिसत नाही.

२०१८ साली ओव्हलभोवतीच्या या वास्तुसमूहाची जागतिक वारशात गणना झाली. पुढील खेपेस मुंबईस जाणाऱ्यांनी सोबत दुर्बीण न्यावी. वरच्या मूर्तींची पागोटी नुसत्या डोळ्यांनी ओळखू येत नाहीत.