झाडाखालचे राज्य

नंदी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे शंकराच्या देवळातला दगडी नंदी उभा राहतो. पण दिवाळीच्या या निवांत दिवसांत मी वाचकांना ज्या नंदींच्या भेटीला नेणार आहे ते निराळे. ही हाडामांसाची माणसे आहेत. पूर्व आफ्रिकेतल्या केनिया देशात, विषुववृत्ताला लागून असलेल्या डोंगरांत ती राहतात. आपल्या नंदीशी त्यांच्या नावाचा काडीचाही संबंध नाही. योगायोग एवढाच, की गाईगुरांवर त्यांचाही जीव. नंदी हे नावसुद्धा त्यांना किनाऱ्याकडून आलेल्या व्यापाऱ्यांनी दिले असे मानतात. ते स्वतःला पूर्वी चेमवाल म्हणवीत.

या लोकांच्या मुलखाला आज नंदी काउंटी म्हणतात. काउंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्याएवढा मुलूख. फरक इतकाच, की तिला स्वतःचे निवडलेले सरकार असते. कापसाबेत हे मुख्य गाव. २०१९च्या खानेसुमारीत इथली वस्ती ८,८५,७११ भरली. सुमारे दोन हजार मीटर उंचीवरचा हा थंड, पावसाळी प्रदेश. डोंगरउतारावर चहाचे हिरवेगार मळे, मधूनमधून मक्याची शेते, आणि घरोघरी दुभती जनावरे. दूध इथे भोपळ्याच्या तुंब्यात आंबवतात. तुंबा आतून विशिष्ट झाडाच्या कोळशाने माखलेला असतो, त्यामुळे दह्याला करडी छटा येते. त्याला मुर्सिक म्हणतात. परदेशी शर्यत जिंकून धावपटू घरी परतला की विमानतळावरच त्याला मुर्सिक पाजतात, आपल्याकडे औक्षण करतात तसे.

धावपटू या मातीत उदंड पिकतात. १९६८च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये १५०० मीटर जिंकणारा किपचोगे केइनो इथलाच. २०१९मध्ये व्हिएन्नाला खास आखलेल्या धावेत मॅरेथॉनचे अंतर दोन तासांच्या आत तोडणारा इल्युड किपचोगेही इथलाच. कादंबरीकाराला नावांची हौस असते, म्हणून सांगतो : मुलगा कोणत्या वेळी जन्मला हे इथे नावच सांगते. पावसात जन्मला तो किपरोप, पहाटे जन्मला तो किपकोएच, सांज झाल्यावर जन्मला तो किपलागात. मुलींच्या नावाआरंभी बहुधा ‘चेप’ किंवा ‘जेप’ येते. ‘अराप’ म्हणजे अमक्याचा मुलगा. हे ‘अराप’ लक्षात ठेवावे, पुढे लागणार आहे.

मी शाळेत इतिहास शिकवतो. मुलांना राजाशिवाय इतिहास पटत नाही. नंदींची हकीगत सांगितली की पहिला प्रश्न ठरलेला : “गुरुजी, पण त्यांचा राजा कोण?” राजा नव्हता, म्हटले की मुलांचे तोंड उतरते. मग राज्य कसे चाले?

ते चाले झाडाखाली. वाडीवाडीची एक बैठक असे, तिला कोकवेत म्हणत. गावातला वडीलधारा आधी बोले, मग ज्याला बोलायचे तो बोले. मतांची मोजणी नाही. सगळ्यांचे एक होईपर्यंत बोलणे चालू. पाणी, कुरण, भांडणतंटा, सारे तिथे मिटे. अशा अनेक वाड्या मिळून एक पोरोरिएत, म्हणजे लढाऊ पलटण, आणि तिचेही मंडळ असे. त्याहून मोठे विभाग म्हणजे परगणे. ते सहा होते. त्यांपैकी मोसोप, एमग्वेन, चेसुमेइ, आल्डाइ ही नावे आजच्या काउंटीच्या उपविभागांना तशीच आहेत. वारेंग नावाचा उत्तरेकडचा परगणा मात्र आता शेजारच्या काउंटीच्या हद्दीत मोडतो.

वयाचीही एक व्यवस्था होती. पुरुषांचे सात वयोगट. माइना, चुमो, सावे अशी त्यांची नावे. एकेका गटाचा अंमल सुमारे पंधरा वर्षे चाले. मग मोठा समारंभ करून जुना गट नव्याच्या हाती कारभार सोपवी आणि बाजूला होई. सातही गटांचा फेरा पुरा व्हायला शंभराहून अधिक वर्षे लागत, आणि मग पहिले नाव पुन्हा येई. खुर्ची कधी सोडावी हे वयाने ठरवून दिलेले! तरी या कारभाराला सोन्याचा मुलामा देऊ नये. कोकवेतमध्ये बायकांना जागा नव्हती, आणि शेजाऱ्यांची गुरे पळवणे हा तरुणांचा पुरुषार्थ समजला जाई.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून या व्यवस्थेच्या माथ्यावर एक पुरुष आला : ऑरकोइयोत. तालाइ कुळातला हा वंशपरंपरेचा द्रष्टा. तो हुकूम सोडत नसे. पण लढाईला त्याचा आशीर्वाद लागे, आणि पलटणींच्या मंडळांत त्याचे दूत बसत. किमन्योले अराप तुरुकात या ऑरकोइयोतने भाकीत केले होते असे सांगतात : धूर आणि आग ओकणारा एक लोखंडी साप पूर्वेच्या पाण्याकडून येईल आणि पश्चिमेच्या सरोवरावर तहान भागवील. पुढे गुरांवर रोग पडला, स्वाऱ्यांत माणसे मेली. त्याचा दोष किमन्योलेवर ठेवून १८९०मध्ये लोकांनीच त्याला सोट्यांनी मारले. १८९५मध्ये त्याचा मुलगा कोइतालेल अराप सामोएइ त्याच्या जागी आला.

आणि लोखंडी साप आला. इंग्रजांनी मोंबासाहून आगगाडीचे काम १८९६मध्ये सुरू केले. १९०१च्या अखेरीस रूळ व्हिक्टोरिया सरोवरापाशी पोचले. ते घालणारे हात आपल्या देशातले होते. त्या वेळी मुंबई इलाख्यात मोडणाऱ्या कराची बंदरातून जहाजे भरभरून मजूर गेले. सारे मिळून सुमारे बत्तीस हजार, त्यांतही पंजाबी अधिक. अडीच हजारांच्या आसपास मजूर तिकडेच मेले. रुपयाही आपलाच चाले, १९२०पर्यंत. झोपडीमागचा कर नंदींना रुपयांत भरावा लागे. नंदी तारायंत्राच्या तारांचे दागिने करीत आणि रुळांच्या खिळ्यांची हत्यारे. साहेबाच्या दप्तरात ही चोरी ठरली. नंदींच्या लेखी ती आपल्या मुलखातून न विचारता गेलेल्या वाटेची वसुली होती.

दहा-अकरा वर्षे झुंज चालली. १८९५पासून इंग्रजांनी मोहिमांवर मोहिमा काढल्या. अखेर १९ ऑक्टोबर १९०५ रोजी कॅप्टन रिचर्ड माइनर्ट्झहागेन याने तहाच्या बोलण्यासाठी कोइतालेलची भेट ठरवली. भेटीत कोइतालेल आणि त्याचे सोबती गोळ्यांना बळी पडले. कॅप्टनचे म्हणणे, दगा नंदींनी योजला होता. नंदी म्हणतात, हात मिळवायला पुढे केलेल्या हातानेच गोळी घातली. चौकश्या झाल्या, कॅप्टन निर्दोष ठरला, आणि तरीही त्याला पूर्व आफ्रिकेतून हलवण्यात आले. नंदींची हजारो गुरे हाकलून नेली, आणि रुळांलगतच्या सुपीक जमिनीवरून माणसे उठवून राखीव मुलखात कोंडली. पुढे त्या डोंगरांत गोऱ्यांचे चहाचे मळे उभे राहिले.

साक्ष कोणाची खरी? त्या भेटीतून एक बाजू जवळजवळ संपलीच होती. लिहिणारा उरला एकच. १९५७मध्ये त्याने आपली केनियातली रोजनिशी छापली. हा गृहस्थ पुढे पक्षितज्ज्ञ म्हणूनही मोठा गाजला. त्याच्या मृत्यूनंतर तपासणी झाली तेव्हा दिसले की संग्रहालयांतले दुसऱ्यांनी जमवलेले पक्षी चोरून त्यांवर त्याने खोट्या चिठ्ठ्या लावल्या होत्या. त्यांत आपला रानपिंगळाही होता! आपण तो १९१४मध्ये गुजरातेत मिळवला असे त्याच्या चिठ्ठीवर होते. पामेला रासमुसेन या अमेरिकन विदुषीने ती लबाडी उघडी पाडली. तो पत्ता बाजूला सारून, १८८०च्या दशकात जिथे हा पक्षी खरोखर मिळाला होता त्या खानदेशात ती सोबत्यांसह आली. आणि नामशेष समजला गेलेला रानपिंगळा १९९७च्या नोव्हेंबरात शहाद्याजवळ जिवंत भेटला. पाखरावरची चिठ्ठी खोटी निघाली म्हणून माणसांविषयीचा मजकूरही खोटाच, असे सिद्ध होत नाही. पण एकट्या त्याच्या शब्दावर इतिहास उभा करू नये, एवढे मात्र नक्की ठरते.

नंदींचे राज्य कोइतालेलबरोबर मेले नाही. १९२३मध्ये नव्या वयोगटाच्या हाती कारभार देण्याचा समारंभ ठरला. सरकारला त्यात बंडाचा वास आला. समारंभावर बंदी आली, आणि कोइतालेलचा मुलगा बारसिरियन अराप मान्येइ याला पकडून दूर धाडले. तो सुटला १९६४मध्ये, केनियाला स्वातंत्र्य मिळून गेल्यावर. चाळीस वर्षे! बापाला गोळी आणि मुलाला कैद. मधल्या काळात गोरे सरकारही जाऊन बसले.

स्वातंत्र्य आले तरी कारभार कापसाबेतच्या झाडाखाली परतला नाही. नैरोबीहून नेमलेला कमिशनर जिल्हा पाहू लागला. १९६९मध्ये इथलेच खासदार जाँ-मारी सेरोनी यांनी नंदी हिल्सच्या जाहीरनाम्यात मळ्यांच्या जमिनीवर नंदींचा हक्क सांगितला, तर त्यांच्यावर राजद्रोहाचा खटला झाला. जमिनीचा हा सल पुढे विषारीही झाला. २००७च्या निवडणुकीनंतर या भागात परजातीच्या शेजाऱ्यांची घरे जळाली. अन्याय सोसलेला माणूस अन्याय करीत नाही, असे म्हणण्याची सोय इतिहासाने ठेवलेली नाही.

ऑगस्ट २०१०मध्ये केनियाने नवी राज्यघटना स्वीकारली आणि देशाच्या ४७ काउंट्या केल्या. २०१३पासून नंदीचा गव्हर्नर आणि काउंटीची सभा लोक निवडतात. दवाखाने, शेती, गावचे रस्ते त्यांच्या हाती आले. राष्ट्रीय महसुलाचा किमान १५ टक्के वाटा काउंट्यांना मिळालाच पाहिजे, असे घटनाच सांगते. सभेत एकाच लिंगाचे सभासद दोन-तृतीयांशांहून अधिक नसावेत, असाही नियम आहे. कोकवेतला जे सुचले नव्हते ते इथे आले.

२००६मध्ये माइनर्ट्झहागेनच्या कुटुंबाकडून कोइतालेलच्या तीन काठ्या परत आल्या. त्या नंदी हिल्सच्या संग्रहालयात आहेत. काठ्या आल्या, सभा आली; गेलेल्या जमिनीचा हिशेब अजून चुकता व्हायचा आहे. पण आता तो मागायला नंदींना नैरोबीच्या साहेबापुढे हात जोडून उभे राहावे लागत नाही. आपल्या सभेत बसून ते मागतात, आणि एकाचे संपले की दुसरा बोलतो.