सव्वा महिन्याची बाज

प्रसूतीनंतरच्या स्त्रीला आयुर्वेदात ‘सूतिका’ म्हणतात. तिचा हा काळ सुश्रुतसंहितेने दीड महिन्याचा मानला असून, त्या काळात तिने क्रोध, आयास म्हणजे शरीरश्रम आणि मैथुन टाळावे, असे सांगितले आहे. रिकाम्या झालेल्या उदरात वाताचा प्रकोप होऊ नये म्हणून स्नेह लावून पोट रुंद वस्त्राने घट्ट गुंडाळण्याचा विधी चरकसंहितेत आढळतो, आणि महाराष्ट्रातील बाळंतिणीचे पोट बांधण्याची चाल याच विचाराशी जुळते. बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी, ओवा व बाळंतशेपांची धुरी, अंगाला तेलाचे मर्दन हा सव्वा महिन्याचा क्रम घरोघर पाळला जाई. मात्र ज्या कष्टकरी स्त्रीला काही दिवसांतच शेतावर परतावे लागे, तिच्या वाट्याला ही विश्रांती क्वचितच आली, हे विसरणे अन्यायाचे ठरेल. पाश्चात्त्य रुग्णालयांतही दीर्घ शय्याविश्रांतीचाच दंडक होता. तो 1940 च्या दशकात, पायांच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या होण्याच्या भीतीमुळेही, मागे पडू लागला. 1948 मध्ये अमेरिकी स्त्रीरोगतज्ज्ञ अर्नोल्ड केगेल यांनी ओटीपोटाच्या तळाचे, प्रसूतीत ताणले जाणारे स्नायू आकुंचनाच्या सरावाने पुन्हा बळकट करण्याची पद्धत मांडली.