भाऊसाहेबांचा तोतया

मायकेल जॅक्सन २००९ मध्ये मेलाच नाही, तो कुठेतरी लपून राहतो, असं सोलापुरातले माझे विद्यार्थी छातीठोकपणे सांगतात. मी त्यांना पानिपताकडे नेतो.

१४ जानेवारी १७६१ ला सदाशिवरावभाऊ रणात पडले. शुजाउद्दौलाच्या पदरी असलेल्या काशिराज पंडिताने लिहून ठेवलंय की, शीर नसलेलं धड अंगावरच्या खुणांवरून ओळखलं गेलं. पण दूर पुण्यात बसलेल्यांनी ते मरण मानावं कसं? पार्वतीबाईंनी १७८३ मध्ये मरेपर्यंत कुंकू पुसलं नाही.

या आशेवरच एक कनोजी ब्राह्मण ‘मीच भाऊ’ म्हणत उभा राहिला. त्याला रत्नागिरीच्या किल्ल्यात कैदेत ठेवलं. १७७६ मध्ये किल्ल्याच्या अधिकाऱ्यानेच त्याला सोडलं आणि कोकणातले कितीतरी किल्ले त्याच्याकडे गेले. नारायणरावांचा खून झालेला, गादीवर दोन वर्षांचं पोर; लोकांना कर्ता माणूस हवा होता. त्याच साली तो पकडला गेला आणि पुण्यात त्याला देहदंड झाला.

भाऊंच्या गारदी पलटणींचा सरदार इब्राहिमखानही त्याच लढाईत जखमी होऊन पकडला गेला आणि अब्दालीच्या छावणीत मेला. समोर अब्दाली असूनही त्याने मराठ्यांची साथ सोडली नव्हती. त्याचा तोतया मात्र कधी निघाला नाही. त्याच्या परतण्याने कुणाला गादी मिळणार नव्हती, की किल्ला.

म्हणून मी मुलांना एवढंच विचारायला शिकवतो: मेलेला माणूस जिवंत ठरला, तर फायदा कुणाचा? आणि ज्याला कुणीच जिवंत ठरवलं नाही, त्याच्या इमानाची आठवण कोण ठेवणार?