बिबळ्या आणि उपनगरांतील लोकसंवाद

बोरिवली व मुलुंड यांच्या मधोमध संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे अरण्य पसरले आहे. २००४ साली त्याच्या सीमेवर बिबळ्यांच्या हल्ल्यांत अनेक माणसे दगावली. बिबळे पकडून दूर नेऊन सोडावेत, ही मागणी तेव्हा स्वाभाविकच होती. परंतु जुन्नर भागातील विद्या अत्रेय प्रभृतींच्या संशोधनातून असे निष्पन्न झाले की, अशा स्थलांतरानंतर हल्ले घटण्याऐवजी वाढले.

हा निष्कर्ष शास्त्रीय नियतकालिकांतच पडून राहावयाचा. तसे झाले नाही. २०११ पासून वनखात्याने नागरिकांच्या साहाय्याने ‘मुंबईकर्स फॉर एसजीएनपी’ हा उपक्रम चालविला. संशोधक व वनाधिकारी पोलीस, पत्रकार आणि गृहनिर्माण संस्थांतील रहिवासी यांच्याशी बोलू लागले. उघड्या कचऱ्यावर कुत्री पोसतात व त्यांच्या मागावर बिबळ्या येतो, हा कार्यकारणभाव व्याख्यानापेक्षा गप्पांतूनच अधिक पटतो. वाघोबाला पुजणाऱ्या वारल्यांना मात्र या शेजाऱ्याची ओळख करून देणे काहीसे विपरीतच म्हणावे लागेल.

ऑक्टोबर २०२२ मध्ये आरे वसाहतीत एक बालिका बळी पडली, आणि पिंजरे पुन्हा लावण्यात आले.