नियंत्रण तंत्र, विद्युत् निर्मितीतील

एखाद्या यंत्राच्या वा प्रक्रियेच्या निष्पत्तीचे मापन करून, ती इष्ट मूल्यापासून किती ढळली आहे हे ताडून, त्या फरकाच्या आधारे यंत्राचे आदान आपोआप बदलणाऱ्या व्यवस्थेला नियंत्रण तंत्र असे म्हणतात. निष्पत्तीची वार्ता आदानाकडे परत नेण्याच्या क्रियेला प्रत्याभरण ही संज्ञा असून व्यवहारात तिला फीडबॅक म्हणतात. ज्या व्यवस्थेत प्रत्याभरण नसते ती खुले तंत्र आणि जीत ते असते ती बंद तंत्र होय. मुहूर्तासाठी पूर्वी वापरात असलेले घटिकापात्र हे खुल्या तंत्राचे परिचित उदाहरण आहे. तळाला बारीक छिद्र असलेले हे पात्र पाण्यावर ठेवले म्हणजे २४ मिनिटांत भरून बुडते. पण छिद्रात कचरा अडकून घटका लांबली, तर ते कळण्याची सोय पात्रात नसते. इ. स. पू. तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रिया येथील टेसीबिअस यांनी जलघड्याळात तरंगती झडप बसविली. पाण्याची पातळी चढली की ही झडप येणारे पाणी अडवी व पातळी उतरली की वाट मोकळी करी. बंद तंत्राचे हे सर्वांत जुने ज्ञात उदाहरण मानले जाते.

विद्युत् अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना हा विषय मुख्यत्वे समीकरणांच्या द्वारे शिकविला जातो. त्याचा इतिहास मात्र पाणी, वाफ आणि फिरत्या चाकांचा आहे. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळणेश्वर (ता. गुहागर) येथे ठाण्याच्या विद्या प्रसारक मंडळाने २०१२ मध्ये महर्षी परशुराम अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू केले. या गावाच्या उत्तरेस, वाशिष्ठी नदीच्या मुखाजवळ, अंजनवेल येथे वायू टरबाइनांचे विद्युत् केंद्र आहे; तर त्याच नदीच्या वरच्या खोऱ्यात, चिपळूण तालुक्यात, पोफळी व अलोरे येथे कोयना प्रकल्पाची वीजगृहे आहेत. नियंत्रण तंत्रातील बहुतेक मूलभूत प्रश्न या दोन ठिकाणच्या यंत्रांच्या आधारे स्पष्ट करता येतात.

वेगनियंत्रक : जेम्स वॉट यांनी १७८८ मध्ये आपल्या वाफ एंजिनावर केंद्रोत्सारी वेगनियंत्रक बसविला. एंजिनाच्या वेगाबरोबर फिरणारे दोन गोळे वेग वाढला की बाहेर फाकतात व त्यांना जोडलेली तरफ वाफेची झडप मिटवू लागते. वेग कमी झाला की याउलट घडते. हा वॉट यांचा शोध असे सर्रास लिहिले जाते, ते बरोबर नाही. पवनचक्कीसाठी अशा फिरत्या गोळ्यांचा उपयोग करण्याचे एकस्व टॉमस मीड यांनी १७८७ मध्येच घेतले होते. ही युक्ती वाफ एंजिनाला लावणे, हे वॉट यांचे कार्य होय.

पुढील ऐंशी वर्षांत असे हजारो वेगनियंत्रक वापरात आले आणि त्यांच्याबरोबर एक चमत्कारिक दोषही आला. वेगनियंत्रक जितका तत्पर व संवेदनशील करावा, तितका काही एंजिनांचा वेग स्थिर होण्याऐवजी खालीवर होऊ लागे. झडप हलल्यानंतर वेग बदलण्यास काही काळ लागतो. तेवढ्यात नियंत्रक गरजेपेक्षा जास्त दुरुस्ती करून बसतो आणि मग ती उलट दिशेने फेडू पाहतो. कारागीर यावर घर्षण वाढविणे, गोळ्यांचे वजन बदलणे असे उपाय अनुभवाने करीत. जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी १८६८ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीला सादर केलेल्या निबंधात या प्रश्नाला गणिती रूप दिले. तंत्राच्या अवकल समीकरणापासून मिळणाऱ्या बैजिक समीकरणाच्या सर्व मुळांचे वास्तव भाग ऋण असतील, तरच हेलकावे विरत जातात, असे त्यांनी दाखविले. वरच्या घातांच्या समीकरणांसाठी कसोटी शोधण्याचे काम त्यांनी इतर गणितज्ञांवर सोपविले. ती कसोटी ई. जे. राउथ यांनी १८७७ मध्ये दिली.

जलटरबाइनाचा प्रश्न : पाठ्यपुस्तकांत राउथ यांच्या नावाला जोडून येणारे दुसरे नाव आडोल्फ हुर्विट्स यांचे आहे; पण त्यांनी हे काम का केले, हे पुस्तकांत क्वचितच सांगितलेले आढळते. झुरिक येथील ऑरेल स्टोडोला हे जलटरबाइनांच्या वेगनियंत्रणाचा अभ्यास करीत होते. त्यांना मिळालेले समीकरण इतक्या वरच्या घाताचे होते की, त्याच्या स्थिरतेचा निर्णय करता येईना. त्यांनी तो प्रश्न आपले सहकारी हुर्विट्स यांच्यापुढे मांडला. १८९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या हुर्विट्स यांच्या कसोटीचा पहिला उपयोग स्वित्झर्लंडमधील दाव्होस येथील टरबाइन संचासाठी झाला. स्थिरतेच्या या कसोटीचे मूळ अशा रीतीने डोंगरावरून नळातून उतरणाऱ्या पाण्यात आहे.

पाण्याचा स्वभाव वाफेहून वेगळा असतो. लांब नळातील पाण्याच्या स्तंभाला मोठे जडत्व असते. टरबाइनाचे द्वार एकाएकी उघडले, तर पाण्याला वेग येण्यापूर्वी द्वारापाशी दाब घटतो आणि शक्ती वाढण्याऐवजी क्षणभर कमी होते. उतावळा वेगनियंत्रक याचा अर्थ आणखी उघडण्याची गरज आहे असा घेतो, आणि हेलकावे सुरू होतात. द्वार एकाएकी मिटले, तर उलट दाब वाढून नळ फुटण्याचा धोका असतो. यालाच जलाघात म्हणतात. म्हणून जलटरबाइनाच्या नियंत्रकात सुरुवातीला हात आवरता घेणारी आणि काही सेकंदांनंतर सैल पडणारी योजना करावी लागते. पूर्वी हे काम तेलाने भरलेला दट्ट्या करी. आता तेच इलेक्ट्रॉनीय मंडलाने वा संगणकाने केले जाते.

पोफळी येथील पहिल्या दोन टप्प्यांत पेल्टन टरबाइने आहेत. पहिल्या टप्प्याची यंत्रे १९६२-६३ मध्ये व दुसऱ्याची १९६६-६७ मध्ये चालू झाली. पेल्टन टरबाइनात ही अडचण मोठ्या कौशल्याने सोडविलेली असते. भार अचानक गेला, तर तोटीपुढील विक्षेपक पत्रा पाण्याची धार क्षणात चाकावरून बाजूला वळवितो. तोटीतील सुई मात्र सावकाश पुढे सरकत धार बारीक करते. एकाच आज्ञेचे पालन दोन अवयव दोन वेगळ्या गतींनी करतात. शिवाय बोगदा आणि नळ यांच्या सांध्यावर बांधलेल्या सर्ज वेलमध्ये पाणी चढून दाबाचा लोंढा शमतो. अलोरे येथील तिसऱ्या टप्प्यात (१९७५-७८) आणि १९९९-२००० मध्ये चालू झालेल्या, प्रत्येकी २५० मेगॅवॉटच्या चार यंत्रांच्या चौथ्या टप्प्यात फ्रान्सिस टरबाइने असून तेथे पाण्याचे नियमन मार्गदर्शक पाती फिरवून होते.

वायू टरबाइनाची खोड निराळी आहे. त्यातील संपीडक (हवा दाबून ज्वलन कक्षाकडे पाठविणारे यंत्र) जनित्राच्याच आसावर बसविलेला असतो. जालातील वेग उतरला की संपीडकही मंदावतो, हवा कमी मिळते आणि नेमकी गरज असताना यंत्राची कमाल शक्ती घटते. जास्त इंधन दिल्यास पात्यांचे तापमान मर्यादेबाहेर जाते. म्हणून अशा टरबाइनाच्या नियंत्रकात वेगाबरोबर निष्कास वायूच्या तापमानावरही सतत नजर ठेवावी लागते. अंजनवेलच्या केंद्राचा पहिला टप्पा दाभोळ प्रकल्प या नावाने १९९९ मध्ये चालू होऊन २००१ मध्ये बंद पडला आणि २००५ मध्ये त्यासाठी रत्नागिरी गॅस अँड पॉवर ही कंपनी स्थापन झाली. मात्र या घडामोडींचे कारण करार व दर यांचे तंटे हे होते, यंत्रांचे नियंत्रण नव्हे.

अनेक यंत्रे, एक वेग : जालाला जोडलेली सर्व जनित्रे एकाच कंप्रतेने (दर सेकंदास होणाऱ्या आवर्तनांच्या संख्येने) फिरतात. भारतात ती ५० हर्ट्झ ठरविलेली आहे. प्रत्येक नियंत्रकाने वेग अगदी ५० वरच आणण्याचा हट्ट धरला, तर मापनातील सूक्ष्म फरकामुळे एक यंत्र सर्व भार ओढून घेते व दुसरे रिकामे फिरते. त्यामुळे भार वाढेल तसा वेग थोडा उतरू देण्याची तडजोड केलेली असते. अभियंते तिला ड्रूप म्हणतात. ड्रूप ५ टक्के असल्यास कंप्रतेत ०·१ हर्ट्झची घट होताच २५० मेगॅवॉटचे यंत्र सुमारे १० मेगॅवॉट अधिक देते. या क्रियेने घसरण थांबते. पण कंप्रता मूळ जागी येत नाही. ते काम भार प्रेषण केंद्राला वेगळे करावे लागते.

विसाव्या शतकात या शास्त्राची सूत्रे काही काळ दूरध्वनी अभियंत्यांकडे गेली. हॅरल्ड ब्लॅक यांचा ऋण प्रत्याभरणाचा विवर्धक (१९२७), हॅरी नायक्विस्ट यांची कसोटी (१९३२) व हेंड्रिक बोडे यांच्या आलेख पद्धती ही त्याची फळे होत. दुसऱ्या महायुद्धातील विमानवेधी तोफांच्या नियंत्रणामुळे या विषयाला स्वतंत्र विद्याशाखेचे रूप आले. १९४८ मध्ये वॉल्टर एव्हान्स यांची मूळपथ पद्धती आणि १९६० मध्ये रूडॉल्फ कॅलमन यांचे अवस्था-चलांवर आधारलेले विवेचन पुढे आले.

महाराष्ट्रातील अनुभव : मुंबईच्या गिरण्यांसाठी टाटांचे खोपोली येथील केंद्र १९१५ मध्ये सुरू झाले, भिवपुरी व भिरा ही केंद्रे पुढील दशकात उभी राहिली. तोपर्यंत जाल लहान होते आणि प्रश्नही आटोपशीर होता. राज्या-राज्यांची जाले जोडली जाऊन पश्चिम विभागाचे जाल तयार झाल्यावर मात्र परिस्थिती पालटली. मागणीच्या वेळी कंप्रता ४८ हर्ट्झच्या आसपास, तर रात्री ५१ च्याही वर जाऊ लागली. विहिरीवरील पंपाचा वेग कंप्रतेबरोबर उतरतो आणि पाणी चढविण्याची क्षमता वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात घटते; वाफ टरबाइनांच्या लांब पात्यांना कमी वेगावर घातक कंपने होतात.

या काळात बहुसंख्य केंद्रांतील वेगनियंत्रक होते, पण ते अडवून ठेवलेले असत. चालकाच्या दृष्टीने ते समजण्यासारखे होते : कंप्रता दिवसभर हेलकावत असल्याने मोकळा सोडलेला नियंत्रक आपल्याच यंत्राची झीज करी आणि त्याचा लाभ मात्र सगळ्या जालाला होई. साधने असूनही प्रत्याभरणाचे वर्तुळ असे तुटलेलेच राहिले. जुलै २००२ मध्ये पश्चिम विभागात लागू झालेल्या उपलब्धताधिष्ठित दरपद्धतीने ते पैशाच्या द्वारे जोडण्याचा प्रयत्न केला. ठरलेल्या वेळापत्रकाबाहेर घेतलेल्या वा दिलेल्या विजेचा दर कंप्रतेवर अवलंबून ठेवण्यात आला. कंप्रता उतरेल तसा दर चढे आणि ५०·५ हर्ट्झवर तो शून्य होई. कंप्रतेची चढउतार थोड्याच काळात लक्षणीय रीतीने आवरली. कोयनेच्या वीजगृहांना यामुळे वेगळे महत्त्व आले, कारण कृष्णा पाणीवाटप लवादाने पश्चिमेकडे वळवावयाच्या पाण्याला वर्षाला ६७·५ अब्ज घनफुटांची मर्यादा घातलेली आहे. पाणी मोजकेच असल्यावर ते केव्हा सोडावयाचे, हाही नियंत्रणाचाच प्रश्न ठरतो.

परंतु ही आकारणी पंधरा-पंधरा मिनिटांच्या खंडांनी होते आणि जालाचे अपघात सेकंदांत घडतात. ३० व ३१ जुलै २०१२ रोजी बीना-ग्वाल्हेर वाहिनी तुटल्यानंतर उत्तर भारतात, आणि दुसऱ्या दिवशी पूर्व व ईशान्य भागांतही, अंधार पसरला. पश्चिम विभागात निर्मिती अतिरिक्त होऊन कंप्रता एकदम चढली; काही जनित्रे जादा कंप्रतेमुळे आपोआप सुटली आणि विभाग तगला. चौकशी समितीने जनित्रांकडून वेगनियंत्रकांचा प्रतिसाद मिळत नसल्याचे स्पष्टपणे नमूद केले. मध्यवर्ती केंद्राकडून दर काही सेकंदांनी आज्ञा देणाऱ्या स्वयंचलित निर्मिती नियंत्रणाचा पहिला प्रयोग २०१८ मध्ये दादरी येथे झाला आणि २०२१ मध्ये ते राष्ट्रीय पातळीवर सुरू करण्यात आले.

त्यापूर्वीची एक घटना मात्र वेगळ्या प्रकारची आहे. ५ एप्रिल २०२० रोजी रात्री नऊ वाजता देशभर नऊ मिनिटे घरातील दिवे मालविण्यात आले, तेव्हा मागणी सुमारे ३१,००० मेगॅवॉटने घटली. हा भार बव्हंशी जलविद्युत् केंद्रांनी सोसला. त्यांची निर्मिती काही मिनिटांत सुमारे १७,५०० मेगॅवॉटने उतरविण्यात येऊन नंतर पुन्हा चढविण्यात आली. हे उतरविणे चूक होण्याची वाट न पाहता आधीच आखलेल्या वेळापत्रकाने झाले, म्हणजे त्यातील मुख्य भाग खुल्या तंत्राचा होता. अंदाज जेथे चुकला तेवढाच फरक वेगनियंत्रकांनी भरून काढला. या काळात कंप्रता ४९·७० ते ५०·२६ हर्ट्झ यांच्या दरम्यान राहिली.