ब्रोकोलीचें जुनें घराणें

हल्लीं शहरांतल्या मंडईंत ब्रोकोली म्हणून जो हिरवागार गड्डा विकावयास येतो, तो या घराण्यांतील एक भाऊ. ज्याच्या रूपाला हें नांव खरें शोभतें, तो दुसराच. त्याला मोठा गड्डा धरत नाहीं. पानांच्या बगलेंतून बोटाएवढे कोंभ फुटतात, त्यांच्या टोंकाशीं जांभळ्या किंवा पांढुरक्या कळ्यांचे लहान झुपके असतात, आणि खुडावे तसे नवे कोंभ येत राहतात. मूळ इटालियन शब्दांत कोंभ हाच अर्थ आहे.

कोबी, फुलकोबी, नवलकोल आणि ब्रोकोली हीं सारीं एकाच जातीचीं भावंडें. माळ्यांनीं पिढ्यान्‌पिढ्या निवड करून कोणाचें पान वाढविलें, कोणाचें खोड, तर कोणाची कळी. पहिल्या शतकांतील रोमन ग्रंथकार प्लिनी कोबीच्या कोवळ्या कोंभांविषयीं लिहितो. पण तीच आजची ब्रोकोली, असें छातीठोकपणें म्हणणें मला धाडसाचें वाटतें. इंग्लंडांतील पुरावा अधिक स्पष्ट आहे. जॉन ईव्हलिन यानें १६९९ सालच्या 'असेटारिया' या ग्रंथांत नेपल्सच्या ब्रोकोलीचा उल्लेख केला. पुढें चेल्सीच्या वनस्पति-उद्यानाचा प्रमुख फिलिप मिलर यानें तिला 'इटालियन अ‍ॅस्परागस' म्हटलें, कारण दोहोंचेही कोंभच खावयाचे.

त्या थंड देशांत या भाजीचें मोल निराळें होतें. एप्रिल-मेमध्यें बीं पेरावयाचें, उन्हाळ्यांत रोपें दोन-दोन फुटांवर लावावयाचीं, आणि हिवाळाभर जमीन अडवून वाट पाहावयाची. कोंभ येणार फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत. पण नेमके तेच दिवस अडचणीचे. साठविलेलीं कंदमुळें संपत आलेलीं, नवा भाजीपाला अजून यावयाचा. थंडी सोसल्यावांचून हे जुने वाण कळ्या धरीत नाहींत. मुंबईच्या हवेंत ते पेरल्यास पानेंच पाहावीं लागतील.

ओळखण्याचा घोटाळा मात्र जुना आहे. इंग्लंडांत हिवाळी फुलकोबीलाही पुष्कळ काळ ब्रोकोलीच म्हणत. खूण अशी कीं, फुलकोबीच्या पांढऱ्या गड्ड्यांत कळ्या पुऱ्या घडलेल्या नसतात. ब्रोकोलीच्या कळ्या खऱ्या असतात व ठेवल्यास चार पाकळ्यांचीं पिवळीं फुलें उमलतात. बियांवरून कांहींच कळत नाहीं. सर्वांच्या सारख्याच वाटोळ्या, काळसर. त्यांतच मधमाशा या भावंडांचा संकर घडवून आणतात. म्हणून बीं धरणाराला जवळपास दुसरा कोबी फुलूं देतां येत नाहीं, आणि एकट्या झाडाला बहुधा बीं धरत नसल्यामुळें अनेक झाडें राखावीं लागतात. एवढी राखण करणारे माळी होते, म्हणूनच हे वाण टिकले.

विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकांत सिसिलीहून अमेरिकेंत गेलेल्या डारिगो बंधूंनीं कॅलिफोर्नियांत सॅन होसे येथें लागवड करून आपला माल पूर्वेकडील शहरांना पाठविला. कॅलाब्रिया प्रांतावरून 'कॅलब्रीज' म्हणविणारा गड्ड्याचा प्रकार त्याच वर्षीं तयार होतो व प्रवासही बरा सोसतो. व्यापाराला आणखी काय हवें? आज जगभर ब्रोकोली म्हणजे तोच, आणि जुन्या भावाला मात्र 'कोंभांची' हें विशेषण लावून फिरावें लागतें.

अलीकडे थंडी न मागतां जांभळे कोंभ देणारे वाणही निघाले आहेत. रंगावरून ते वेगळे काढणें कठीण. पाकिटावरील पेरणीचा महिनाच वाचावा. आणि ओळख पटवावयाची ती बागेंतच पटवावी, कारण उकळत्या पाण्यांत पडतांच जांभळा कोंभ हिरवा होतो.